रामसरची पाटी आणि पाण्याच्या दोन वह्या

दर पावसाळ्यात बातम्यांत एक ओळ ठरलेली असते: नांदूर मध्यमेश्वरमधून गोदावरीत इतक्या क्युसेकने विसर्ग, जायकवाडीची पातळी वाढणार. मराठवाड्यातला शेतकरी ती ओळ पासबुकातल्या नोंदीसारखी वाचतो. तोच बंधारा आणि त्यामागचं उथळ पाणी २०१९ पासून ‘आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा’ आहे, महाराष्ट्रातली पहिली रामसर साइट. म्हणजे या पाण्याच्या आता दोन वह्या झाल्या. एक पाटबंधारे खात्याची आणि दुसरी स्वित्झर्लंडमधल्या ग्लांड गावी, जिथे रामसर कराराचं सचिवालय आहे. या दोन वह्यांचा मेळ बसत नाही, तिथेच बहुतेक रामसर साइट्सचं गणित चुकतं. प्रवेशद्वाराजवळच्या पाटीवर मात्र यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

रामसर हे इराणमधलं, कॅस्पियन समुद्राकाठचं गाव. २ फेब्रुवारी १९७१ रोजी तिथे करारावर सह्या झाल्या, २१ डिसेंबर १९७५ पासून तो लागू झाला आणि भारत १९८२ मध्ये त्यात सामील झाला. चिल्का आणि भरतपूरचं केवलादेव या आपल्या पहिल्या दोन जागा. पुढची तीस वर्षं आपली यादी रांगतच होती. २०१२ साली आकडा होता २६. मग एकदम वेग आला. ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ आणि २०२५ मध्ये नव्वदीच्या पुढे. स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीलाच पंचाहत्तर साइट्स व्हाव्यात, हा योग काही पक्ष्यांनी साधलेला नव्हे.

कराराची व्याख्या भलतीच ऐसपैस आहे. पाणी नैसर्गिक असो की माणसाने अडवलेलं, बारमाही असो की हंगामी, साचलेलं की वाहतं, गोडं, मचूळ की खारं, सगळं चालतं. समुद्राचं असेल तर ओहोटीच्या वेळी खोली सहा मीटरपेक्षा जास्त नको, एवढंच. त्यामुळे खाडी, मिठागर, भातखाचर, गावतळं आणि दगडी बंधाऱ्यामागे साचलेला गाळ हे सगळे एकाच पंक्तीला बसतात.

यादीत येण्यासाठी नऊ निकष आहेत आणि त्यांतला एक पुरा झाला तरी पुरतो. पहिला निकष दुर्मीळ किंवा नमुनेदार पाणथळीचा, मग संकटग्रस्त प्रजाती, जैवविविधता, आयुष्यातल्या नाजूक टप्प्यावर मिळणारा आसरा, पुढे माशांचे दोन, शेवटचा पक्षी सोडून इतर प्राण्यांचा. सगळ्यांच्या तोंडी असतात ते मात्र पाचवा आणि सहावा. पाचवा म्हणतो: नियमितपणे वीस हजार किंवा जास्त पाणपक्षी. सहावा म्हणतो: एखाद्या प्रजातीच्या त्या भागातल्या संख्येपैकी एक टक्का पक्षी. संख्या चार लाख मानलेली असेल तर चार हजार पक्षी भरले की काम झालं.

इथे ‘नियमितपणे’ या शब्दावर बरेच दावे आपटतात. एका हिवाळ्यात पंचवीस हजार पक्षी उतरले आणि पेपरात फोटो आला, म्हणून निकष पुरा होत नाही. किमान तीन हंगामांची भरवशाची मोजणी हवी आणि त्यांपैकी दोन-तृतीयांश हंगामांत आकडा गाठलेला हवा. किंवा मग किमान पाच वर्षांच्या सर्वाधिक आकड्यांची सरासरी तेवढी भरायला हवी. दुष्काळी वर्षी पक्षी नव्हते म्हणून कुणी मोजायलाच गेलं नाही, तर ते वर्ष हिशेबातून गळतं आणि सरासरी फसवी होते. शून्य हाही आकडाच आहे, तो लिहायचा असतो.

मोजणीची रीत साधी, पण हात बसावा लागतो. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. थव्यातले दहा पक्षी नीट मोजायचे, ते नजरेत किती जागा व्यापतात हे मनात धरायचं, त्या मापाने शंभराचा ठोकळा बांधायचा आणि मग ठोकळे मोजत जायचं. दाट थव्यात नवखा माणूस हटकून कमी मोजतो. दुसरी चूक दोन काठांवर दोन गट बसवण्याची. मधला थवा दोघांच्याही वहीत जातो. म्हणून पाण्याची वाटणी आधी नकाशावर करून घ्यावी आणि सगळ्यांनी घड्याळ लावून एकाच वेळी मोजावं. उडून गेलेला थवा कुठल्या दिशेने आणि किती वाजता गेला हे समासात लिहावं, नंतर आकडे जुळवताना तेच उपयोगी पडतं.

यादीत नाव आलं म्हणजे नक्की काय मिळतं? राज्य सरकार त्या जागेच्या माहितीचा तक्ता भरतं, केंद्राचं मंत्रालय तो पाठवतं, ग्लांडमधली मंडळी माहिती पुरी आहे का, नकाशा ठीक आहे का ते तपासतात आणि प्रमाणपत्र येतं. त्या बदल्यात देशाने दोन गोष्टी कबूल केलेल्या असतात: त्या जागेचा सुज्ञ वापर करू, आणि तिची प्रकृती बिघडली किंवा बिघडणार असं दिसलं तर स्वतःहून कळवू. ‘सुज्ञ वापर’ हा कराराचा गाभा. मासेमारी, गवत कापणी, शिंगाडा, पाट हे सगळं त्यात बसतं. बंदी घाला असं करार कुठेही म्हणत नाही. कळवण्याचं कलम मात्र सगळ्यात दुबळं. स्वतःच्या घरातली गळती स्वतःच शेजाऱ्याला कोण सांगणार?

तब्येत बिघडलेल्या जागांसाठी १९९० पासून वेगळी नोंदवही आहे, माँत्रो नोंदवही. भारताच्या दोनच जागा तिच्यात आहेत, केवलादेव आणि मणिपूरचं लोकटाक. बाकीच्या सगळ्या ठणठणीत आहेत असा याचा अर्थ घेऊ नये. नाव देशाच्या संमतीनेच चढतं. जागतिक वारशाचं तसं नाही. ओमानने अरबी ओरिक्सच्या अभयारण्याचा नव्वद टक्के भाग कापायचं ठरवलं, तेव्हा समितीने २००७ मध्ये ते नाव यादीतून सरळ काढलं. सह्याद्रीतली कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी २०१२ पासून त्या यादीत आहेत, म्हणजे तिथे निदान नाव जाण्याची धास्ती आहे. रामसरमध्ये साइटची सीमा आखडण्याचा हक्क देशाकडेच राहतो: ‘तातडीचं राष्ट्रीय हित’ दाखवायचं आणि शक्य तितकी भरपाई करायची. जर्मनीने हॅम्बुर्गजवळच्या म्यूलेनबर्गर लोखचा भाग विमान कारखान्याच्या विस्तारासाठी असाच भरून घेतला.

नोंदवहीतून बाहेर पडलेली आपली एक जागा आहे, ती चिल्का. नद्यांचा गाळ आत येत होता आणि किनाऱ्यालगत वाहणारी वाळू समुद्राकडच्या मुखाला सारखी पुढे ढकलत होती. समुद्राला जोडणारी वाट लांबत लांबत चोंदली. खारं पाणी आत येईना, तशी गोड्या पाण्याची पाणवनस्पती माजली आणि कोळंबीची पिल्लं समुद्रातून आत शिरेनाशी झाली. १९९३ मध्ये नाव नोंदवहीत गेलं. नवं मुख कुठे उघडायचं याचे अभ्यास पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात झाले. २३ सप्टेंबर २००० रोजी मुख उघडलं आणि समुद्राची वाट १८ किलोमीटरने जवळ आली. १९९९-२००० मध्ये जेमतेम सतराशे टन असलेली मासळी २००१-०२ मध्ये बारा हजार टनांच्या घरात गेली आणि २००२ मध्ये नाव नोंदवहीतून उतरलं. मुख मात्र कायमचं बसलेलं नाही, वाळू आजही सरकते, त्यामुळे गाळ काढण्याचा खर्च दरवर्षीचा.

केवलादेवची गोष्ट वेगळी आणि जरा बोचरी. हे पाणी मुळात माणसांनीच आणलेलं: अजान बांधातून सोडायचं, छोट्या बांधांनी अडवायचं आणि उथळ कप्प्यांत खेळवायचं. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि म्हशींची चराई बंद केली. म्हशी खात होत्या ते पाणगवत, पास्पालम, मोकाट वाढलं आणि त्याने उघडं पाणी गिळलं. बदकांना उतरायला जागा राहिली नाही, माशांची पिल्लं कोंडली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून हे पुढे आलं. ज्यांना धोका समजून हाकललं, त्याच म्हशी तिथलं फुकटचं कापणी यंत्र होत्या. पुढे गंभीर नदीवरच्या पांचना धरणाने पाणी अडवलं, मग चंबळची पाइपलाइन आणि गोवर्धन नाला असे पर्याय आले. नदीच्या पुराबरोबर माशांची अंडी-पिल्लं आणि सेंद्रिय माती येत असे. पाइपातल्या पाण्याला ती चव नाही. सायबेरियन क्रौंच २००२ नंतर तिथे दिसलेले नाहीत, अर्थात त्यात वाटेवरच्या शिकारीचाही वाटा आहे.

लोकटाकमध्ये पाणी कमी पडलं नाही, उलट ते हटेनासं झालं. तिथे फुमडी म्हणजे गवत, मुळं आणि कुजकट मातीचे तरंगते गालिचे. त्यांचा साधारण पाचवा भाग पाण्यावर आणि चार भाग पाण्याखाली. पूर्वी उन्हाळ्यात पाणी उतरलं की फुमडी तळाला टेकायची, मुळं चिखलात शिरून अन्न घ्यायची, जाड व्हायची आणि पावसाळ्यात पुन्हा वर यायची. १९८३ मध्ये जलविद्युत प्रकल्पासाठी इथाई बराज झालं आणि पाणी वर्षभर समुद्रसपाटीपासून ७६८.५ मीटरच्या आसपास राहू लागलं. फुमडी वर्षभर तरंगती, म्हणजे वर्षभर उपाशी. ती पातळ होत चालली. तिथल्या केयबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यानातला संगाई, म्हणजे मणिपुरी हरीण, याच गालिच्यावर चरतो. पातळ फुमडीत त्याचे खूर रुततात. वीज प्रकल्पाच्या वहीत स्थिर पातळी ही उत्तम कामगिरी. संगाईच्या वहीत तोच आजार.

आता नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ निफाड तालुक्यात इंग्रजांच्या काळात, १९०७ ते १९११ दरम्यान, हा बंधारा बांधला, कालव्यांना पाणी देण्यासाठी. शंभर वर्षांत त्यामागे गाळ साचला, बेटं झाली, पाणकणीस उगवलं आणि खोली वीत-दोन वीत उरली. बंधाऱ्याच्या दृष्टीने ही साठवण गमावली. थापट्या, तलवार बदक, चमचा, शराटी या पक्ष्यांच्या दृष्टीने मात्र पंगत मांडली. हे लक्षात न घेता गाळ काढायला यंत्रं उतरवली, तर खड्डे उभ्या काठांचे होतात. पाणी खोल होतं, पाणकावळे आणि डुबी मारणारी बदकं येतात, चिखलातून खाणारे सगळे जातात. गाळ काढायचाच तर पाण्याच्या वाटेपुरता काढावा, काठाला दहा फुटांमागे फूटभर असा सपाट उतार ठेवावा आणि बेटं शिल्लक ठेवावीत. वेळही सांभाळावी लागते. थंडीचे पाहुणे गेले म्हणून मार्च-एप्रिलमध्ये रान मोकळं झालंय असं वाटतं, पण त्याच सुमारास टिटव्या उघड्या मातीवर अंडी घालतात.

दुसरा मुद्दा आवर्तनाचा, म्हणजे शेतीसाठी पाळीपाळीने सोडलेल्या पाण्याचा. वरच्या धरणांतून रब्बीचं आवर्तन सुटलं की इथली पातळी चढते, कालवे सुरू झाले की उतरते. जानेवारीच्या गणनेच्या आठवड्यात आवर्तन चालू असेल तर चिखल पाण्याखाली जातो आणि चिखलपक्षी आसपासच्या शेतांत विखुरतात. मग ‘यंदा पक्षी घटले’ अशी बातमी. आकड्याशेजारी त्या दिवशीची पाणीपातळी लिहिल्याशिवाय दोन वर्षांची तुलना करण्यात अर्थ नाही. हे काम कुणीही करू शकतं, पट्टीवरचा आकडा वाचायला दुर्बीण लागत नाही.

आणि जलपर्णी. वरच्या शहराचं सांडपाणी म्हणजे तिला खतच. उबदार पाण्यात ती एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. काढणारे तीच चूक दरवर्षी करतात: उपसून काठावरच ढीग मारतात आणि पहिल्या पुरात तो ढीग पुन्हा पाण्यात. पूररेषेपलीकडे न्यायची आणि फुलायच्या आधी काढायची, कारण बी चिखलात कित्येक वर्षं टिकतं.

ठाणे खाडी २०२२ पासून रामसर साइट आहे, क्षेत्र ६,५२१ हेक्टर. त्यातलं सुमारे १,६९० हेक्टर रोहित पक्ष्यांचं, म्हणजे फ्लेमिंगोंचं अभयारण्य. इथला सगळा कारभार भरती-ओहोटीवर चालतो. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. खाडीच्या आतल्या टोकाला थोडी उशिरा. ओहोटीला मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो आणि रोहित माना उलट्या करून चोचीच्या चाळणीने शेवाळ गाळत असतात. पाणी चढू लागलं की ते तिवरांच्या कडेकडे सरकतात. भांगाच्या, म्हणजे भरती कमी चढते त्या दिवसांत थोडा चिखल उरतो. उधाणाला मात्र सगळा बुडतो, आणि मग थवे उठून नेरुळ आणि उरणकडच्या उथळ तळ्यांवर विसाव्याला जातात. पाणी उतरलं की परत.

ही विसाव्याची तळी या साइटचा अर्धा जीव, पण खाडीवर पाटी लागली म्हणून त्यांना आपोआप संरक्षण मिळत नाही. त्यांच्यात खाडीचं पाणी येतं ते रस्त्याखालच्या नळ्यांतून किंवा अरुंद नाल्यांतून. नळी भरावाने किंवा गाळाने बुजली की दोनपैकी एक होतं. उन्हात तळं आटतं आणि वर्षा-दोन वर्षांत ‘ही तर कोरडी जमीन’ असा शेरा कागदावर येतो. किंवा पावसाचं पाणी निचरा न होता साचतं, पातळी वाढते आणि धाकट्या रोहिताचे (लेसर फ्लेमिंगोचे) पाय तळाला टेकत नाहीत. बाहेरून पाहणाऱ्याला दुसऱ्या तळ्यात भरपूर पाणी दिसतं, तक्रार कशाची हेच कळत नाही. म्हणून पाणी किती आहे यापेक्षा ते दिवसातून दोनदा हलतंय का, हे पाहायचं. नळीच्या तोंडाशी काडी रोवून ठेवली तर सहा तासांत उत्तर मिळतं.

लोणारला तर पाणी वाढणं हाच बिघाड. ते सरोवर खारट आणि अल्कधर्मी, तिथले सूक्ष्मजीव त्या क्षारांवरच जगतात. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं ते याच खारटपणावर पोसलेल्या सूक्ष्मजीवांमुळे. गोडं पाणी जास्त उतरलं की क्षार पातळ होतात आणि वेगळेपण त्यासोबत जातं. ‘जलसाठा वाढला’ हे वाक्य दुष्काळी तालुक्यात आनंदाचं, इथे नाही.

कायद्याचं कोडं थोडक्यात. २०१७ च्या पाणथळ नियमांनुसार अशा जागी अतिक्रमण, कचरा आणि मैलापाणी टाकणं, उद्योग, तसंच गेल्या दहा वर्षांच्या सरासरी उच्च पूरपातळीपासून पन्नास मीटरच्या आत पक्कं बांधकाम यांना मनाई आहे. रामसर साइट्सना हे नियम लागू होतात, पण जो भाग वन, वन्यजीव किंवा किनारा नियमनाखाली येतो तो यातून वगळलेला आहे. तिथे ते ते कायदे चालतात. सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले साठे, मिठागरं आणि भातशेती यांना तर पाणथळीच्या व्याख्येतच धरलेलं नाही. त्यामुळे अर्ज करताना पहिला प्रश्न ‘ही जागा नेमकी कुठल्या कायद्याखाली आहे’ हा असायला हवा. चुकीच्या कचेरीत गेलेला अर्ज बरोबर असूनही वर्षभर फिरत राहतो.

प्रत्येक साइटचा भरलेला तक्ता रामसरच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतो. पक्ष्यांची यादी नंतर वाचा, आधी नकाशा उघडा. सीमा पाण्याच्या काठावर संपते की भोवतालचं थोडं रान घेते, पाणी आत येण्याच्या वाटा सीमेच्या आत आहेत की बाहेर, ते पाहा. मग धोक्यांचा तक्ता. त्यात जागेच्या आतले आणि भोवतालचे धोके वेगळे भरायचे असतात. भोवतालच्या रकान्यात मोकळी घरं दिसली की समजायचं, तक्ता टेबलावर बसून भरलाय. व्यवस्थापन आराखड्याच्या रकान्यात ‘तयार होत आहे’ असं किती वर्षं लिहिलंय तेही बघावं.

हा तक्ता दर सहा वर्षांनी नवा करणं अपेक्षित आहे. ठाणे खाडीची पाळी २०२८ च्या सुमारास येईल. विसाव्याच्या तळ्यांचा दावा त्यात घालायचा असेल, तर उधाणाच्या भरतीला घेतलेली मोजणी, तळ्यातली पातळी आणि नळीची स्थिती, एवढ्या तीन नोंदी तारखेसह लागतील, आणि त्या किमान तीन हिवाळ्यांच्या.